अक्काची गुरुवारची पंगत

त्या गुरुवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास श्रीधरचा फोन आला. श्रीधर म्हणजे मीनाक्षी राव यांचा धाकटा भाऊ, आणि मीनाक्षी राव म्हणजे आमच्या ऑफिसातली अक्का. नमस्कार-चमत्कार न करता त्यानं विचारलं, "देसाई, तुमचा रिलीज झाला का?" मला नवल वाटलं. श्रीधर बँकेतला माणूस. आमच्याकडं रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवणं; त्यानं हा शब्द आजवर सिनेमाच्या बाबतीतच वापरला असेल. "झाला," मी म्हणालो. "नीट झाला? कुठं अडलं नाही?" "नाही अडलं. का रे?" त्याच्यामागं बरीच माणसं असल्यासारखा आवाज येत होता, कुणीतरी कन्नडमधून पाणी मागत होतं... "मग सांगतो आता," तो म्हणाला. "अक्का गेली. सकाळी, नवाच्या आधीच. तिनं बजावून ठेवलं होतं, गुरुवार असला तर ऑफिसला त्यांचं काम आटोपल्यावर सांग. गुरुवारच निघाला बघ."

आपल्या मृत्यूची बातमी दुसऱ्यांच्या सोयीनं पोचावी अशी तजवीज करून जाणारी माणसं मी पुस्तकांतही फारशी पाहिलेली नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यांत अक्काबद्दल ऑफिसात पुष्कळ बोललं गेलं. त्यात 'आधारस्तंभ' होता, 'योद्धा' होता, 'वारसा' तर दर दुसऱ्या वाक्यात होता. तिला यातला एकही शब्द सोसला नसता. म्हणून हे लिहायला बसलो. ती काय काम करायची हे सांगितल्याशिवाय ती कोण होती हे सांगता येणार नाही, तेव्हा थोडं त्या कामाविषयीही सांगायला हवं.

आमची कंपनी कन्नड मुलखाच्या राजधानीत, महादेवपुऱ्यातल्या एका काचेच्या इमारतीत आहे आणि रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. पेशंटला वेळ द्यायची, मेसेज पाठवून आठवण करायची, रिपोर्ट तयार करायचा, असलं काम. मी तिथं माहितीपुस्तिका लिहितो, ज्या कुणी वाचत नाही. मी मूळचा चिकोडीकडचा. रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा जिन्यात उभा राहून घरी फोनवर साहेबांविषयी दोन शब्द मोकळेपणानं बोलत होतो. मागून आवाज आला, "स्वल्प हळू बोला. इथं कळतं." वळून बघतो तर सुती साडी, पायांत स्पोर्ट्स शूज आणि हातात कॉफीचा पेला घेतलेली एक बाई. मी ओशाळून "सॉरी मॅडम, तुम्ही मराठी..." असं काहीतरी म्हणालो. "मॅडम नको, अक्का म्हणा. आणि अक्काला तुम्ही म्हणत नसतात." तेव्हापासून मी तिला 'तू' म्हणू लागलो. ती मात्र मला शेवटपर्यंत 'लेखकराव' आणि 'तुम्ही'च म्हणत राहिली. हा मान नव्हता, हे माझ्या लवकरच लक्षात आलं.

तिचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या घोड्यांमागून इकडं आलेलं. "मग परत का नाही गेलात?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ट्रॅफिक." तिच्या मराठीत आमच्याकडं कधीच विसरले गेलेले शब्द होते आणि त्यांच्या अध्येमध्ये 'बरं'साठी 'सरी' नि 'जाऊ दे'साठी 'बिडु' हे कन्नड शब्द अगदी घरच्यासारखे बसलेले असत. लग्न केलं नव्हतं. बसवनगुडीत भाऊ-भावजयीबरोबर राहायची आणि रोज बस बदलून ऑफिसला यायची.

माझ्याकडं पहिलंच काम आलं ते तिच्या साधनाची, म्हणजे नव्या आवृत्त्या बसवणाऱ्या प्रोग्रॅमची, पुस्तिका लिहिण्याचं. मला ओ की ठो कळत नव्हतं. तिनं मला कॅन्टीनमध्ये नेलं आणि टेबलावर स्टीलचे चार पेले मांडले. "हा दारातला. पेशंट याच्याशी बोलतो. हा आतला, डोकं चालवणारा. हा कोठीवाला, सगळी माहिती याच्याकडं. आणि हा निरोप्या, मेसेज पाठवतो. ही चार यंत्रं मिळून एक संच. असे संच आपल्याकडं तीन. एक बनवणाऱ्यांचा, एक तपासणाऱ्यांचा आणि एक खरा, ज्याच्यावर लॅब चालतात. आता नवी आवृत्ती आली. कशी बसवाल?" मी म्हणालो, "एकेका यंत्रावर बसवत जाईन." "आणि दारातला नवा झाला, कोठीवाला जुनाच राहिला तर? दारातला मागणार बासुंदी आणि कोठीत नुसता भात." हे सगळं हातानं करायचे दिवस तेव्हा सरत आले होते. कोणत्या संचात कोणती यंत्रं, कुणाचं काम काय, कुणी कुणासाठी थांबायचं हे एकदा नीट सांगितलं, की पुढचं ते साधन आपलं आपण करतं. ते 'एकदा नीट सांगणं' हेच खरं काम, आणि ते अक्काचं होतं.

त्याच वर्षी तिच्या घरी कसलीशी पूजा होती, तिनं मला बोलावलं. माडीवर पंगत मांडलेली. अक्का सरळ पहिल्या ओळीत, माझ्या शेजारच्या पानावर येऊन बसली. दारातून तिची आत्या म्हणाली, "मीने, बायकांची पंगत मागनं गं." अक्का जागची हलली नाही. "मागच्या पंगतीला कोशिंबीर संपते, आत्या. लहानपणापासनं बघत आलेय." आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच तिला बिघडवली. मीठ आलं, चटणी, कोशिंबीर, भात, वरण. मी भाताला हात लावणार तेवढ्यात अक्कानं कोपर मारलं. "तूप यायचंय." सगळ्या पानांवर तूप पडलं, श्रीधरनं ओळीवरून नजर फिरवून "सगळे बसले?" असं विचारलं, "सावकाश होऊ द्या" म्हणाला आणि मग लोक जेवू लागले. अक्का मधेच थांबली, ओळीकडं बघत राहिली आणि मला म्हणाली, "लेखकराव, एवढंच तर आहे ते. एका ओळीत बसवायचं, क्रमानं वाढायचं, तूप पडल्याशिवाय कुणी सुरू करायचं नाही." सोमवारपासून ऑफिसात यंत्रांच्या संचाला 'पंगत' हा शब्द रूढ झाला. केरळच्या जोसेफपासून पाटण्याच्या पोरांपर्यंत सगळे "कौनसी पंगत में डाला?" असं विचारू लागले.

पण पंगतीचा सगळ्यात कडक नियम आला तो एका चुकीतून, आणि ती चूक अक्काची होती. आमचे व्हाइस प्रेसिडेंट भास्कर सर यांना एका पाहुण्या गिऱ्हाइकापुढं प्रात्यक्षिक करायचं होतं. त्यासाठी एक चौथा संच, तोही दुपारपर्यंत. अक्कानं खऱ्या संचाची नक्कल केली, एकेक यंत्र बदलत गेली आणि निरोप्या बदलायचा राहिला. बाकी सगळे नकली, निरोप्या खरा. तपासणाऱ्यांनी सरावासाठी म्हणून मेसेज सोडले आणि ते इथल्याच शिवाजीनगरमधल्या एका लॅबच्या खऱ्याखुऱ्या पेशंटांना पोचले. 'उद्या सकाळी उपाशीपोटी यावे.' मजकूर माझा होता. इतक्या लोकांनी वाचलेलं आणि तंतोतंत पाळलेलं माझं ते एकमेव लिखाण.

सकाळी लॅबमधून फोन आला तेव्हा अक्का मला घेऊन रिक्षानं निघाली. लॅबच्या बाकांवर, पायऱ्यांवर, बाहेर फुटपाथवर माणसं बसलेली, आणि कुणाचीच तपासणी नव्हती. अक्कानं आधी समोरच्या छोट्या हॉटेलातून इडल्या मागवल्या. मग एकेकापुढं जाऊन कन्नडमध्ये, उर्दूत, तमिळमध्ये सांगितलं की चूक आमची आहे, तुम्ही खाऊन घ्या. काही जण भडकले. तिनं ऐकून घेतलं. एक म्हातारी प्लेट संपवून म्हणाली, "कल बी भूका आना क्या अम्मा? नाश्ता अच्छा है." मी हसलो. अक्का हसली नाही. परतताना रिक्षात म्हणाली, "त्यातले दोघे साखरेचे होते. एकाचे हात थरथरत होते, बघितलंत?" मी बघितलं नव्हतं.

दुपारी भास्कर सरांनी बैठक घेतली. 'प्रोसेस गॅप' कुठं होता, बाहेरच्या कंपनीकडून आलेल्या मुलानं काही केलं का, अशी त्यांची चौकशी चालली होती. अक्का म्हणाली, "सर, गॅप नाही. मी होते." यावर कोणता तक्ता दाखवावा हे सरांना सुचलं नाही. पुढचे कितीतरी दिवस ती एकाच कामामागं होती. एका पंगतीचं पान दुसऱ्या पंगतीत आणता येणार नाही, अशी बंदी तिनं साधनातच घालून ठेवली. संचातलं एक यंत्र जरी परक्या संचातलं निघालं, तरी ते साधन कामाला हातच लावत नाही. "घरी मी सोवळं मानत नाही," ती म्हणायची, "इथं मानते. इथं त्याला कारण आहे."

दुसरी गोष्ट तिनं केली ती दिवसाउजेडी रिलीज. आमच्या धंद्यात नवी आवृत्ती बसवणं म्हणजे रात्रीचा उद्योग. थंड पिझ्झा, लाल डोळे, आणि दुसऱ्या दिवशी जागलेल्या वीरांचा सत्कार करणारं पत्र. अक्कानं भांडून वेळ ठरवून घेतली, दर गुरुवारी सकाळी अकरा. "जे दिवसा करायची भीती वाटते ते रात्री केलं म्हणून चांगलं होतं काय?" त्या वर्षी वीरांच्या यादीत घालायला कुणी उरलं नाही, म्हणून सरांनी अक्कालाच 'रिलीज हिरो' केलं आणि काचेचा एक जडशीळ वाडगा दिला. तिनं तो पॅन्ट्रीत नेऊन ठेवला आणि त्यात बडीशेप भरली. अजूनही भरलेली असते.

गुरुवारची रीत अशी होती. सगळे आपापल्या जागेवरून कॉलवर यायचे. साधन एकेका यंत्राला हाक मारून बघायचं आणि सगळ्यांनी ओ दिली की थांबून पडद्यावर विचारायचं, 'सगळे बसले?' देवनागरीत, तिनंच लिहिलेलं. कुणीतरी 'होय' दाबलं की पुढची ओळ यायची, 'सावकाश होऊ द्या', आणि मग माणसांचं काम संपलं. जोसेफला अक्षरं वाचता येत नव्हती, पण डावीकडचं बटन हे त्याला माहीत होतं. होय दाबायची ती अक्का. तसा नियम नव्हता. आमच्यातल्या कुणालाही दाबता येत होतं. पण ती दाबायची, आणि दाबून उठून कॉफी प्यायला जायची. यंत्र चालताना बघत बसणं तिला अपमानास्पद वाटे. यंत्राच्या बाजूनं.

मग ती अधूनमधून रजा घेऊ लागली. "स्वल्प पोटाचं आहे," यापलीकडं तिनं सांगितलं नाही. अशाच एका गुरुवारी ती कॉलवर नव्हती. यंत्रांनी ओ दिली, प्रश्न आला. कुणी काही करेना. मी विचारलं, "काय झालं?" जोसेफ म्हणाला, "अक्का का फोन बंद है. आती होगी. वेट करेंगे." सगळे थांबले. कुणाला घाई नव्हती, कुणी कुरकुर केली नाही. पाटण्याच्या पोरांनीही नाही. अकराचे बारा झाले, एक वाजला, लॅबवाले विचारू लागले, आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक एका उघड्या बटनासमोर आदरानं बसून राहिलो. शेवटी रिलीज रद्द केला. अक्का त्या वेळी इस्पितळात स्कॅनच्या यंत्रात होती, फोन पर्समध्ये, पर्स भावजयीकडं.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉलवर येऊन जोसेफला विचारलं, "बटन पे मेरा नाम लिखा है क्या?" "नो अक्का." "दबाने से करंट लगता क्या?" "नो अक्का." "फिर?" जोसेफ हळूच म्हणाला, "रिस्पेक्ट, अक्का." "रिस्पेक्ट से लॅब नहीं चलता जोसेफ. मूर्ती बनाके रखे क्या मेरेको?" मी तिला इतकं चिडलेलं कधी ऐकलं नव्हतं. कॉल संपल्यावर तिनं मला वेगळा फोन केला. आवाज खाली आला होता. "सगळं त्या यंत्राला शिकवलं, लेखकराव. एक मी तेवढी मधे राहिले बघा. मला आता किती वेळ आहे ठाऊक नाही. मी नसताना पंगत बसली नाही, तर आयुष्यभर काय केलं मी?" आजाराचं नाव मला त्या दिवशी कळलं.

तिनं नियम बदलला. कॉलवर जो सगळ्यात शेवटी येईल, त्यानं होय दाबायचं, मग तो कुणीही असो. आणि पाच मिनिटांत कुणी दाबलं नाही, तर रिलीज आपोआप गुंडाळला जाईल. काही गुरुवार ती नुसती ऐकायला यायची, माइक बंद करून. पण यादीत तिचं नाव दिसलं की दाबणारा माणूस नकळत रेंगाळायचा. ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं येणं बंद केलं.

शेवटचा भेटलो तो बसवनगुडीच्या घरी, एका गुरुवारी संध्याकाळी. खिडकीशी खाट, उशाला पाण्याचा तांब्या, आणि अक्का इतकी बारीक झालेली की शूज काढून ठेवलेल्या कोपऱ्याकडं बघणं मला सोपं वाटलं. रिलीज कसा झाला हे तिनं विचारलं नाही. "कुणी दाबलं?" एवढंच. मी म्हणालो, "याच आठवड्यात रुजू झालेली एक मुलगी आहे. तिनं. ती तर तुला ओळखतही नाही." "मला ओळखत नाही?" "नाही." "आणि दाबलं?" "लगेच." अक्कानं डोळे मिटले. "सरी," म्हणाली. आणि थोड्या वेळानं पुन्हा, "सरी." इतकी समाधानी मी तिला त्या काचेच्या वाडग्याच्या दिवशीसुद्धा पाहिली नव्हती, किंबहुना त्या दिवशी तर नाहीच. भावजयीनं कॉफी आणली. मी निघायला उठलो तशी अक्का म्हणाली, "नाव तरी सांगितलंत का तिला माझं?" "सांगू?" ती खिडकीबाहेर बघत राहिली... "बिडु," म्हणाली. "राहू दे."

ती गेल्यानंतरच्या गुरुवारी भास्कर सर रिलीजच्या कॉलवर आले. कधी येत नाहीत. श्रद्धांजलीचं भाषण होतं. आल्या आल्या त्यांनी सुरुवात केली, प्रवास, संस्कृती, मूल्यं... पडद्यावर प्रश्न आलेला होता आणि वेळ सरत चालली होती. सर 'वारसा' या शब्दावर दुसऱ्यांदा आले तेव्हा जोसेफ म्हणाला, "सर, सॉरी. टाइम. आप लास्ट में आए, आपको दबाना है." "क्या दबाना है?" "लेफ्ट साइड, सर." सरांनी दाबलं. 'सावकाश होऊ द्या' आलं. पुढचं भाषण करावं की नाही, हे त्यांना कळेना. कुणी हसलं नाही. पण माइक बंद करण्याची घाई मी बऱ्याच जणांमध्ये पाहिली.

त्यानंतर एकदा श्रीधरकडं जाऊन आलो. खिडकीशी आता खाट नाही. शूज मात्र कोपऱ्यात तसेच आहेत, कुणाच्या मापाचे नाहीत म्हणून. श्रीधर म्हणाला, "नऊ वाजल्यापासून हातात फोन धरून बसलो होतो. बायको म्हणत होती, लोकांना सांगायला हवं. मी म्हटलं, अक्काचं अकराचं असतं." मी विचारलं, "पण का? कळलं असतं तर एक गुरुवार थांबलो असतो. काय बिघडलं असतं?" "तेच म्हणाली होती ती," श्रीधर म्हणाला. "कळलं तर जोसेफ थांबवेल. एकदा माझ्यासाठी थांबले, की मग माझ्यासाठीच थांबत राहतील."

ती गेली त्या गुरुवारी कॉलवर शेवटी आलो तो मी. बस महादेवपुऱ्याच्या अलीकडं अडकली होती, उभ्यानंच फोनवरून कॉलवर आलो. जोसेफ म्हणाला, "देसाई, आपका." पडद्यावर प्रश्न होता. सगळे बसले? मी खिडकीतून सिग्नलकडं बघत होय दाबलं. ती दोन तासांपूर्वीच पानावरून उठून गेली होती आणि ओळीतल्या कुणाचा घास अडला नव्हता. श्रीधरनं नंतर फोनवर "कुठं अडलं नाही?" असं विचारलं, तेव्हा मी ज्या बेफिकिरीनं "नाही" म्हणालो, ती आठवली की मला अजून कसंसंच होतं. पण तिला नेमकी तीच बेफिकिरी हवी होती.

मध्यंतरी कुणीतरी सुचवलं की पडद्यावरच्या त्या दोन ओळी आता इंग्रजीत कराव्यात, कळायला बरं. जोसेफ म्हणाला, कळतंय की सगळ्यांना. तेव्हा त्या तशाच आहेत. दर गुरुवारी अकराला कुणीतरी शेवटी येतं, डावीकडचं बटन दाबतं आणि खाली अक्का म्हणते, सावकाश होऊ द्या. मग आम्ही यंत्रांकडं पाठ करून कॉफी प्यायला जातो.